वर्गात स्लाइड शो वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, शिक्षक होऊ पाहणारे आणि काही विद्यार्थी हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारत आले आहेत. शक्य तिथे त्यांचेच शब्द ठेवले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे. उत्तरांमागची माझी धारणा आधीच सांगते: स्लाइड विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसाठी असते. शिक्षकाने आपलं टाचण पडद्यावर टांगलं की बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

१. फळ्यावर नीट शिकवता येतं, मग स्लाइडकडे वळायचं कशाला?

जमतंय ते सोडायची गरजच नाही. फळ्यावरची गोष्ट मुलांसमोर घडत जाते. वेग हाताचा असतो आणि तो समजण्याच्या वेगाच्या बराच जवळ असतो. स्लाइड मात्र तयार होऊनच येते. म्हणून जे खडूने काढता येत नाही ते तिथे न्यावं: सूक्ष्मदर्शकातून दिसणारी पेशी, नदीच्या पात्राची जुनी आणि आजची उपग्रहचित्रं, पक्ष्याचा आवाज, रुजणाऱ्या बियांचे पाच दिवसांचे पाच फोटो. पायरीपायरीने उलगडायचं ते फळ्यावरच राहू द्यावं.

पडद्यावर चित्र दाखवून शिकवणं जुनं आहे. काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा 'जादूचा कंदील' सतराव्या शतकातला. १९६१ मध्ये आलेल्या 'कोडॅक कॅरोसेल' या स्लाइड-प्रोजेक्टरच्या गोल तबकात ८० स्लाइड बसत. १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आलं, तेव्हा डोळ्यांसमोर होत्या कंपन्यांच्या बैठका. वर शीर्षक आणि खाली मुद्द्यांची यादी हा साचा त्या कामाचा आहे, शिकवण्याचा नाही. नवी फाइल उघडली की तोच साचा समोर येतो आणि आपण मुकाट्याने तो भरू लागतो. कोरी स्लाइड घेऊन सुरुवात करा, एवढ्यानेही फरक पडतो.

२. एका स्लाइडवर किती मजकूर असावा? सहा ओळी आणि ओळीत सहा शब्द, हा नियम बरोबर आहे का?

सहा-सहाच्या नियमाने गर्दी कमी होते, पण मूळ अडचण सुटत नाही. मूळ अडचण अशी, की वाचणं आणि ऐकणं ही दोन्ही भाषेचीच कामं आहेत. पडद्यावर परिच्छेद असताना तुम्ही बोलत राहिलात, तर मूल एक तर वाचतं किंवा ऐकतं. दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. मनाच्या कामचलाऊ स्मृतीत एका वेळी फार थोडं मावतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये 'सात गोष्टी, दोन कमी-जास्त' असा अंदाज मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही हेच दिसतं: चित्र आणि बोलणं यांच्या जोडीला तेच बोलणं पुन्हा अक्षरांत दाखवलं, तर बहुतेक वेळा समज वाढण्याऐवजी घटते.

मला सर्वांत उपयोगी पडलेली रीत मायकेल ॲली यांनी मांडलेली आहे. शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्याचं विधान लिहायचं आणि खाली त्याचा पुरावा म्हणून चित्र, आलेख किंवा आकृती ठेवायची. 'हृदयाची रचना' या शीर्षकातून मुलाला काहीच कळत नाही. 'हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड असते, कारण त्याला रक्त सगळ्या शरीरात ढकलायचं असतं' हे वाक्य आणि खाली दोन्ही कप्प्यांचा छेद. आता मुलाचे डोळे आपणहून भिंतीची जाडी शोधू लागतात. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या स्लाइडवर नेमकं काय सांगायचं आहे हे आपलंच ठरलेलं नसतं. मला हे पुष्कळदा रात्री उशिरा, स्लाइड करताना उमगलं आहे.

३. मग स्लाइडवरचा मजकूर कधीच वाचून दाखवायचा नाही का?

दाखवायचा, पण ठरवून. नुकती वाचायला शिकणारी मुलं, परकी भाषा शिकणारा वर्ग, शब्दन् शब्द महत्त्वाचा असलेली व्याख्या किंवा कायद्याचं कलम, कवितेच्या ओळी: इथे अक्षर आणि आवाज एकत्र यायलाच हवेत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर पडद्यावरचे शब्द लागतातच (प्रश्न १६). इतर वेळी काही वाचायला द्यायचं असेल, तर 'हे मनात वाचा' म्हणा आणि खरोखर गप्प बसा. ती शांतता सुरुवातीला शिक्षकालाच जड जाते.

४. एका तासाला किती स्लाइड पुरतात?

आकडा नाही. एकाच नकाशावर अर्धा तास चांगला जाऊ शकतो आणि चंद्राच्या कलांचे आठ फोटो मिनिटभरात संपतात. २० स्लाइड प्रत्येकी २० सेकंद ही 'पेचाकुचा' नावाच्या सादरीकरणाच्या पद्धतीची चौकट किंवा दहा स्लाइड-वीस मिनिटांची सूत्रं वर्गासाठी बनलेली नाहीत. तास संपत आला आणि स्लाइड उरल्या, तर त्या भराभर पुढे ढकलू नका. उद्या घ्या.

५. अक्षर केवढं ठेवू? माझ्या लॅपटॉपवर तर सगळं छान दिसतं.

लॅपटॉप हातभर अंतरावर असतो म्हणून छान दिसतं. एक सोपी मोजणी करा. पडद्याची रुंदी आणि शेवटच्या बाकाचं पडद्यापासूनचं अंतर घ्या. पडदा २ मीटर रुंद आणि बाक ८ मीटर लांब असेल, तर अंतर रुंदीच्या चौपट झालं. आता लॅपटॉपच्या पडद्याची रुंदी मोजा, समजा ३३ सेंटिमीटर. त्याच्या चौपट, म्हणजे साधारण १३० सेंटिमीटर मागे सरका आणि तिथून स्लाइड वाचा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला नेमकं एवढंच दिसतं. आकृतीतली नावं आणि आलेखाच्या अक्षावरचे आकडेही याच कसोटीवर तपासा. बहुतेक ठिकाणी मजकूर मोठा असतो आणि मुद्द्याचा आकडा मुंगीएवढा.

६. गडद पार्श्वभूमी चांगली की पांढरी?

खोलीत उजेड असेल तर पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं. कारण साधं आहे: प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो तिथे फक्त प्रकाश टाकत नाही. उजेडातल्या खोलीत पडद्याचा 'काळा' म्हणजे पडद्याचाच करडा-पांढरा रंग. गडद निळ्यावरची पिवळी अक्षरं घरी उठून दिसतात आणि वर्गात विरून जातात. अंधार करता येत असेल तर गडद चालतं, पण अंधारात मुलं लिहिणार कशी आणि तुम्हाला त्यांचे चेहरे दिसणार कसे?

वेबसाइटच्या सुगम्यतेच्या निकषांत अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साध्या अक्षरांसाठी ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ एवढा किमान फरक सांगितला आहे. प्रोजेक्टरवर तो आणखी फिका पडतो, तेव्हा काठावर राहू नका. 'लाल चूक, हिरवं बरोबर' एवढ्यावर काही सोपवू नका. लाल-हिरवा भेद न कळणारं मूल बहुधा ते बोलून दाखवत नाही. जोडीला फुली आणि बरोबरची खूण ठेवा.

७. घरी टाइप केलेलं मराठी वर्गातल्या कम्प्युटरवर चौकोन किंवा भलतीच अक्षरं होऊन दिसतं. काय करू?

भलतीच इंग्रजी अक्षरं दिसत असतील, तर मजकूर युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची रूपं बसवलेली असत. फॉन्ट गेला की मराठीही गेली. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा किंवा पुन्हा टाइप करा, दुसरा खात्रीचा मार्ग नाही. चौकोन दिसत असतील, तर त्या यंत्रावर देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट मिळत नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फॉन्ट तिथे बसवा, नाही तर फाइलची पीडीएफ प्रत करून न्या. पीडीएफमध्ये अक्षरं शाबूत राहतात, पण ॲनिमेशन आणि व्हिडिओ जातात.

आणखी दोन गोष्टी इंग्रजी टेम्प्लेटमुळे बिघडतात. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं; नाही तर खालच्या ओळीचा रफार वरच्या उकाराला टेकतो. आणि शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. वाचायला शिकणाऱ्या मुलाला तो तुटका शब्द परका वाटतो.

८. ॲनिमेशनमुळे मुलांचं लक्ष टिकतं, हे खरं ना?

लक्ष वेधलं जातं, पण कशाकडे ते पाहावं. गिरक्या घेत येणारं शीर्षक गिरकीकडेच लक्ष नेतं. उपयोग होतो तो भाग एकेक करून समोर आणण्याचा: आधी मोकळा नकाशा, मग नद्या, मग नद्यांकाठची शहरं. 'दिसू लागणं' एवढा एकच साधा परिणाम त्याला पुरतो.

हलणाऱ्या प्रक्रियांबद्दल मात्र माझं मत बदललं. पूर्वी मला वाटायचं की पंप किंवा पेशीविभाजन ॲनिमेशननेच कळेल. बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. तेवढीच माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांच्या मालिकेपेक्षा ॲनिमेशन सरस ठरतं असं त्यात आढळलं नाही. हलतं चित्र निघून जातं, मुलाला मागे वळून पाहता येत नाही. म्हणून व्हिडिओ दाखवलात तर मध्ये थांबवा, 'आता पुढे काय होईल?' विचारा, मग पुढे न्या. प्रकाशाची लुकलुक सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होत असेल तर ती क्लिप वापरूच नका; काही मुलांना तिने झटका येऊ शकतो.

९. स्लाइड आली की मुलं माना खाली घालून उतरवत बसतात. कोणी ऐकतच नाही.

दोष मुलांचा नाही. पडद्यावर जे आहे ते परीक्षेत येणार आणि ते आता नाहीसं होणार, असं त्यांना दिसतं, म्हणून ती घाईने जमवतात. मजकूर कमी केला (प्रश्न २) की निम्मी घाई जाते. उरलेल्यासाठी मी अर्धी भरलेली पानं देते: आकृती छापलेली, नावांच्या जागा रिकाम्या, दोन प्रश्न आणि खाली मोकळी जागा. मग लिहिणं हे विचार करण्याचं काम होतं. आणि उतरवायचा वेळ वेगळा द्या: 'आधी बघा, पेन खाली. दोन मिनिटांनी लिहायचं आहे.' हे वाक्य ऐकून वर्गाच्या माना वर येतात, ते दृश्य मला दर वेळी आवडतं.

१०. स्लाइड आधी वाटाव्यात, नंतर वाटाव्यात, की वाटूच नयेत?

आकृत्यांची पानं आधी, पूर्ण फाइल नंतर. ज्या विद्यार्थ्याला पडदा दिसत नाही त्याला मात्र सगळं आधीच द्या, त्यात सूट मागायची वेळ त्याच्यावर आणू नका. 'फाइल मिळाली की मुलं वर्गात येत नाहीत' ही तक्रार वरचेवर येते. फाइल वाचूनच सगळं मिळत असेल, तर वर्गात वेगळं काय घडतं हे आधी बघायला हवं. चित्रं आणि विधानांची चांगली स्लाइड बोलण्याशिवाय अपुरीच असते; गैरहजर मुलासाठी तिच्या खालच्या नोट्सच्या जागेत चार वाक्यं लिहून ठेवा.

११. स्लाइडमुळे तास एकतर्फी होतो. मुलं प्रेक्षक होतात.

होतात, आणि माझ्या मते स्लाइडचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. उपायही स्लाइडवरच आहे: उत्तराची स्लाइड येण्याआधी प्रश्नाची स्लाइड असू द्या. एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना वापरलेली पद्धत साधी आहे. पडद्यावर पर्यायांचा एक प्रश्न, ज्यात पाठांतर चालणार नाही असा. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. त्याहून कमी असतील तर शिक्षकाने पुन्हा समजवायचं, जास्त असतील तर पुढे जायचं. यंत्र लागत नाही. छातीशी धरलेली एक, दोन, तीन बोटं पुरतात. छातीशी अशासाठी, की शेजाऱ्याचं पाहून बोटं बदलू नयेत.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबणंही शिकावं लागतं. मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात.

आणि एक: तासाची पहिली स्लाइड कालच्या धड्याच्या तीन प्रश्नांची ठेवा, उत्तरांशिवाय. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. उजळणी म्हणून जुन्या स्लाइड परत दाखवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

१२. गणित स्लाइडवर शिकवावं का?

सिद्धता आणि उदाहरणं फळ्यावर. पडद्यावर ओळींमागून ओळी येतात तेव्हा 'ही पायरी सुचली कशी' हेच गायब होतं. भूमिती, आलेख सरकवून पाहणं, त्रिमितीय आकृती फिरवणं यांसाठी पडदा उत्तम. सोडवलेलं उदाहरण द्यायचंच असेल तर एक पायरी चुकीची ठेवा आणि वर्गाला शोधू द्या.

१३. कविता शिकवताना चित्रं दाखवली तर काय बिघडलं?

पहिल्या वाचनाला दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कवितेत 'वाट' आली आणि पडद्यावर एका वाटेचा फोटो आला, की तीस मुलांच्या मनातल्या तीस वाटा पुसल्या जातात. पहिल्या वाचनाला पडदा काळा ठेवा. दुसऱ्या वाचनाला ओळी दाखवा. मुलांनी न पाहिलेल्या वस्तूचं नाव कवितेत असेल, तर तिचं चित्र आदल्या दिवशी दाखवून मोकळे व्हा.

१४. मुलांना प्रेझेंटेशन करायला सांगितलं तर ती इंटरनेटवरून उचलतात, पाठमोरी उभी राहून वाचतात आणि गटात एकच मूल राबतं.

विषय केवढा देता ते पाहा. 'प्रदूषण' दिलं तर उचलण्यावाचून मुलाला गत्यंतरच नसतं. 'आपल्या वर्गात आठवडाभरात किती कागद टाकला गेला आणि का' दिलं तर मोजावंच लागतं. मग अटी घाला: तीनच स्लाइड, त्यातली एक स्वतः काढलेल्या चित्राची किंवा आकडेवारीची, एका स्लाइडवर दहाच शब्द. दहा शब्दांत वाचून दाखवण्याजोगं काही उरतच नाही. कोण काय बोलणार हे आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे सगळ्यांना सगळं समजून घ्यावं लागतं. गुण देताना सजावटीला शून्य भाग ठेवा आणि ते आधीच सांगा. श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर निदान अर्धे गुण असावेत.

१५. इंटरनेटवरचं चित्र शिकवण्यासाठी वापरलं तर चालतं ना?

शोधात सापडलं म्हणजे वापरायला मोकळं, असं नाही. शिकवण्यासाठीच्या सवलती देशोदेशी वेगळ्या आहेत आणि बंद वर्गात दाखवणं वेगळं, फाइल सगळ्यांसाठी खुली करणं वेगळं. सुरक्षित वाट म्हणजे विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणची, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रं. परवान्याच्या नावात 'बाय' असेल तर कर्त्याचं नाव द्यायचं, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नाही, 'एनडी' म्हणजे बदल करून पुढे द्यायचं नाही. नाव त्याच स्लाइडवर, चित्राखाली लिहा. मुलंही तेच शिकतात.

१६. वर्गात एका विद्यार्थ्याला दिसत नाही आणि एकीला कमी ऐकू येतं. दोघांना एकच स्लाइड कशी चालेल?

बोलण्यात 'हे', 'इकडे', 'असं' कमी करा. 'हा आलेख असा चढतो' याऐवजी 'दुपारी बारापर्यंत तापमान वाढतं, मग घसरतं' म्हणा. ज्यांना दिसतं त्यांनाही ते जास्त कळतं. फाइलमध्ये प्रत्येक चित्राला वर्णन आणि प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक द्या. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, त्यावरच चालतो. जिला कमी ऐकू येतं तिच्यासाठी पडद्याकडे तोंड करून बोलू नका, तिला ओठ दिसायला हवेत. व्हिडिओला उपशीर्षकं लागतात. प्रश्न २ मधला 'बोलणं अक्षरांत दाखवू नका' हा सल्ला तिच्या बाबतीत लागू नाही. मार्ग निघतो: मुख्य पडद्यावर चित्र, तिच्या हातात छापील टाचण.

१७. एआयने केलेल्या किंवा दुसऱ्याच्या तयार स्लाइड वापरू का?

कच्चा माल म्हणून वापरा. एआयच्या आकृत्यांमध्ये नावं चुकीच्या भागांना चिकटलेली असू शकतात आणि चूक आत्मविश्वासाने लिहिलेली असते, म्हणून प्रत्येक आकडा आणि नाव तपासा. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे ठरवणं म्हणजेच शिकवण्याची तयारी. तयार फाइल घेतली की तो विचार दुसऱ्याचा होतो. निदान क्रम तरी स्वतः लावा आणि जी स्लाइड का आहे ते सांगता येत नाही ती काढा.

१८. स्लाइडमुळे विचारच उथळ होतो, असं आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात.

त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये हाच आक्षेप घेतला: तुकड्यांच्या यादीत कारण आणि परिणाम यांना जोडणारे शब्द गळतात. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना तुटून सात जणांचा मृत्यू झाला. चौकशी मंडळाच्या अहवालात एका स्लाइडची चर्चा आहे, जिच्यात धोक्याची माहिती खालच्या पातळीच्या मुद्द्यांत दबली होती आणि वाचणाऱ्याच्या ध्यानात येणं अवघड होतं. वर्गात जिवावर बेतत नाही, पण 'कारणे', 'परिणाम', 'उपाय' अशा तीन यादीस्लाइड पाहिलेल्या मुलाला कोणत्या कारणाचा कोणता परिणाम हे सांगता येत नाही. गुंतागुंतीचा युक्तिवाद असेल तर एका पानाचा सलग मजकूर द्या आणि पडदा बंद ठेवा.

१९. वर्गात काहींना विषय आधीच येतो, काहींना अजिबात नाही. स्लाइड कुणासाठी करू?

नवख्यांसाठी, पण जाणकारांना त्यात बांधून ठेवू नका. नवख्याला आकृतीवरचे बाण, रंग आणि टप्पे आधार देतात; जाणकाराला तोच आधार अडसर होतो, असं स्लाव्हा कल्युगा, जॉन स्वेलर आदींच्या अभ्यासांत दिसलं आहे. मी त्याच आकृतीची दुसरी, नावं नसलेली प्रत ठेवते. पहिली मी समजावते, दुसरी येणाऱ्या मुलांकडून भरून घेते.

२०. प्रोजेक्टर ऐन वेळी चालला नाही तर?

तास घ्यायचा. एका पानावर सहा स्लाइड अशी छापील प्रत आणि त्यातल्या फळ्यावर काढता येतील अशा दोन आकृत्या आधीच निवडून ठेवा.

२१. एखाद्या मुलीने मध्येच असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्या पुढच्या पंधराव्या स्लाइडवर आहे. 'ते पुढे येणार आहे' म्हणू का?

म्हणू नका. तिला आत्ता पडलेला प्रश्न पंधरा स्लाइडनंतर उरलेला नसेल. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. म्हणून प्रश्न २० मधली छापील प्रत क्रमांकांसह टेबलावर ठेवा. पंधरावी स्लाइड मधल्या गोष्टींशिवाय कळणार नसेल, तर इंग्रजी 'बी' ही कळ दाबा. पडदा काळा होतो. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आत्ता जमेल तेवढं उत्तर खडूने द्या आणि पुन्हा 'बी' दाबून पुढे चला. पंधराव्या स्लाइडवर पोचलात की आधी त्या कोपऱ्याकडे बोट करा आणि उत्तर तिलाच द्यायला सांगा.